लाईट गेली, चहा!

अण्णांना घरात सगळं दोनदा सांगावं लागे. चाळीस वर्षं यंत्रमागांच्या खटखटाटात काढलेल्या माणसाचे कान. पण कारखान्याच्या दारात चप्पल काढता काढता तेच कान टवकारत आणि अण्णा म्हणत, "पलीकडून तिसऱ्याचा धोटा उशिरा पोचतोय." मग त्या मागाशी जाऊन तळवा लोखंडी चौकटीवर टेकवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. डोळे मिटत. पान्याचा अर्धा फेरा देत, आणि खटखट तालात येई.

अण्णा जॉबर होते. सोलापुरात एवढं सांगितलं की पुरतं. बाहेरच्यांसाठी सांगते: विणकर माग चालवतो, आणि अडलेला माग जॉबर चालता करतो. १८७७ साली इथं जुनी गिरणी सुरू झाली, पुढं आणखी गिरण्या आल्या, आणि गाव भोंग्यावर उठू-झोपू लागलं. आमचे पणजोबा तेलंगणातून हातमागाची विद्या घेऊन आले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यात अण्णांची तिसरी भाषा.

ती तिसरी भाषा हातांची. वीस माग एकदम चालू असले की शेजारच्याचा शब्दही कानावर पडत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांनी नि बोटांनी बोलतात. इतरांना त्या खुणा कामापुरत्या. अण्णांनी त्यांची नाटकं केली. पोट पुढं काढून मिशीवरून बोट फिरवलं, की मालक आले. कानामागं हात नेऊन मान डोलावली, की कुणाचा तरी माग नीट चालेना. आणि सगळ्यांची लाडकी खूण म्हणजे हवेतला खटका खाली ओढायचा, बशी ओठांना लावायची आणि फुर्र! लाईट गेली, चहा! माग थांबलेल्या त्या शांततेत पहिलं हसू अण्णांचं असे. इतकं मोठं, की रस्त्यावरचा माणूस वळून बघे.

माझा मुलगा बोलायच्या आधी ही भाषा शिकला. ताता, म्हणजे त्याचे आजोबा, आले की तो हवेतला खटका ओढायचा.

कारखान्यातून ते त्याच्यासाठी जॅकार्डचे टाकून दिलेले पुठ्ठे आणत. लांबट, भोकाभोकांचे. फ्रान्सच्या जॅकार्डनं १८०४ मध्ये लावलेली ही युक्ती: भोक असेल तिथला ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि माळेतला एकेक पुठ्ठा सरकत नक्षी उठते. अण्णा पुठ्ठा उन्हात धरत. भिंतीवर उजेडाचे ठिपके पडत. "वाच बे," ते नातवाला म्हणत, "हा मोराचा डोळा. बाकीचा मोर पुढच्या पुठ्ठ्यांत आहे." पोरगा खरंच बोट ठेवून वाचायचा. मी शाळेत शिकवते. इतकं चांगलं वाचन मला कुणाकडून करून घेता आलेलं नाही.

संक्रांतीला सिद्धरामेश्वराची यात्रा. सात नंदीध्वज निघाले की अण्णा पांढऱ्या बाराबंदीत, नातू खांद्यावर. होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की बाकीची मुलं कानांवर हात ठेवत. हे दोघं मात्र त्या धडाडधूममध्ये निवांत गप्पा मारत. हातांनी. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात कितीदा बसायचं, याची घासाघीस मी लांबून बघायची. नातू पाच बोटं दाखवी, अण्णा दोन. शेवटी सहादा बसून येत.

गेल्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. आवाज गेला. मी त्यांच्या कमाईतली लाल चादर पायांवर घालायची, मोर वर ठेवून. ते हातानं ती उलटवत. मागच्या बाजूला तोच मोर पांढरा. वीण दोन्ही अंगांनी नीट आहे ना, एवढं बघून घेत.

एका दुपारी त्यांनी उजवा हात कसाबसा उचलला आणि खाली ओढला. मला वाटलं, पंखा बंद करायचाय. मी उठले, तोवर मुलगा स्वयंपाकघरात पळालासुद्धा. बशीत दोन घोट चहा ओतून आला. मी अण्णांची मान सावरली, त्यानं बशी ओठांना लावली.

फुर्र काही निघालं नाही. ते मुलानं काढलं. अण्णांचे खांदे हलले, पोट हललं, डोळ्यांतून पाणी आलं. हसत होते ते.