कटकचा रुपया

लग्नसराई जवळ आली की नांदगाव पेठेत माझ्या दुकानात जुनी चांदी येऊ लागते. तुटके करदोडे, झिजलेले वाळे, मधूनच कुणाच्या आजीच्या गळ्यातली रुपयांची माळ. "भाऊ, याचे जोडवे घडवून द्या," म्हणत पुरचुंडी पुढे सरकते. तीत जाड, ओबडधोबड रुपया दिसला की मी मूस बाजूला ठेवतो.

आधी रिठ्याचं कोमट पाणी. चिंच नाही, राख तर नाहीच; काळेपणासोबत अक्षरंही जातात. मग हळूहळू फारसी मजकूर वर येतो. हे नाणं हाताने घण मारून पाडलेलं. ठसा चकतीपेक्षा मोठा, म्हणून एका रुपयावर मजकुराचा तुकडाच उमटतो. एकावर बादशहाच्या नावाचं अर्धं वळण, दुसऱ्यावर बारीक त्रिशूळ. तीन-चार रुपये शेजारी मांडले की जुळतं: अहमदशाह बहादूर, टांकसाळ कटक.

हा नागपूरकर भोसल्यांचा रुपया. त्या बादशहाला १७५४ मध्ये गादीवरून ओढून आंधळं केलं, तरी नाण्यावर त्याचं नाव चालूच राहिलं. १७५१ साली मिळालेलं कटक १८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांकडे गेलं. नोव्हेंबरात आपल्या अकोल्याकडच्या अडगावला भोसल्यांची फौज हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. १८५४ मध्ये राज्यच खालसा झालं.

राज्याची उतरती कळा मी शिक्क्यापेक्षा कसोटीवर पाहतो. १६२० च्या सुमारास जर्मनीतल्या छोट्या राजांनी चांदीत इतकं तांबं मिसळलं, की त्यांच्या नाण्यांवरचा भरवसाच उडाला. माझ्याकडे आलेल्या कटकी रुपयांची रेघ मात्र पांढरी उतरली आहे. आणि भोसल्यांचं राज्य गिळणाऱ्या इंग्रजांचा कलदार? १८३५ मध्ये त्यात बारातले अकरा भाग चांदी होती, १९४० मध्ये ती निम्म्यावर आली. सात वर्षांनी तेही गेले.

गिऱ्हाईक तयार असेल तर जोडव्यांना मी दुसरी चांदी घालतो आणि रुपया परत बांधून देतो. माळेसाठी झाळलेली कडी संग्राहकांना खुपते, अशा नाण्याला ते भाव देत नाहीत. मला हे पटत नाही. कलदारापुढे बट्ट्याने जाणारे असे कितीतरी रुपये मुशीत गेले. हे बाईच्या गळ्यात होते म्हणून राहिले. कडी मी कापत नाही.