कुणाची थप्पी?

आमच्या भंडारा जिल्ह्यात बी.कॉम. झालेल्या पोराला विचारा, नोकरी कुठे हवी? वरठीचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावचा अशोक लेलँड ही नावं आधी येतात. प्रत्यक्षात गाठ पडते ती पतसंस्थेशी, सीएच्या ऑफिसशी, नाहीतर राईस मिलशी. माझी पडली राईस मिलशी. तुमसर तालुक्यात, 2004 च्या दिवाळीनंतर. पद ‘ज्युनियर अकाउंटंट’, पगार 1,800 रुपये. (शेजारणीला सांगताना आई त्यातलं ‘ज्युनियर’ गाळायची.)

काम काय, तर वजनकाट्याच्या चिठ्ठ्या फाइलला लावायच्या, हमालीचा हिशोब करायचा, टॅलीत व्हाउचर टाकायचे. कॉलेजात शिकलेला ताळेबंद इथे कुठे दिसेना. तो दिसला गोदामात.

मिलमध्ये दोन प्रकारचा माल असायचा. एक, मालकाने स्वतः विकत घेतलेलं धान आणि त्याचा तांदूळ. दुसरं, मार्केटिंग फेडरेशनने शेतकऱ्यांकडून हमीभावाने घेऊन भरडाईला दिलेलं धान. या सरकारी भरडाईत साध्या तांदळाचा हिशोब असा, की 100 किलो धानामागे 67 किलो तांदूळ परत द्यायचा. मिलची कमाई म्हणजे भरडाईचा दर. आता हे दोन्ही तांदूळ एकाच गोदामात, थप्पीला लागून थप्पी. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. पण हिशोबात पहिला आपला साठा आणि दुसरा नुसता सांभाळायला ठेवलेला. तो आपल्या ताळेबंदात येत नाही.

हे मला पुस्तकाने नाही, आमच्या मुनीमजींनी शिकवलं.

मिलला बँकेची कॅश क्रेडिट होती. दर महिन्याला बँकेला साठ्याचं पत्रक द्यायचं. साठ्याच्या किमतीतून बँक आपलं मार्जिन वजा करते आणि उरलेल्यावर किती पैसे उचलता येतील ते ठरवते. 2005 च्या मार्चअखेर मिलचा स्वतःचा साठा बराच कमी झाला होता आणि फेडरेशनचा तांदूळ उचल व्हायची वाट पाहत पडून होता. मालक म्हणाले, "ती कोपऱ्यातली थप्पीही धरा. बँकवाले काय पोत्यावर नाव वाचायला येतात?"

मुनीमजींनी पेन खाली ठेवला. "शेठजी, तो तांदूळ सरकारचा आहे. बँकेला आपला म्हणून कसा लिहू?" आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल बाबू, आपल्या थप्प्या मोजू. जेवढ्या भरतील तेवढ्याच लिहायच्या."

मोजल्या. तेवढ्याच लिहिल्या. मालकांनी धुसफुसत का होईना, सही केली. बँकेतून उचलायची रक्कम घटली आणि आम्हा सगळ्यांचा पगार दहा दिवस उशिरा झाला, मुनीमजींचा सुद्धा. खोलीचं भाडं थकलं, घरी पैसे पाठवता आले नाहीत, आणि बाबांना फोनवर कारण सांगताना जीभ अडखळली. खरेपणाची किंमत असते हे आपण सहज म्हणतो. ती कुणाच्या खिशातून जाते, ते त्या एप्रिलमध्ये कळलं.

त्याच 1 एप्रिलला महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला. पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. रजिस्टरं गेली, पोर्टल आलं. यंदा माझी भाची भंडाऱ्यात एका ठिकाणी अकाउंट्सला लागली आहे. परवा वैतागून म्हणाली, "मामा, दिवसभर जीएसटीआर-2बीशी बिलं जुळवते. हे कसलं अकाउंटिंग?"

तिला म्हटलं, बाई गं, हेच अकाउंटिंग. माल विकणाऱ्याने आपल्या विवरणात ते बिल दाखवलं नसेल, तर आपण कर मोजलेला असूनही त्याची वजावट आपल्याला घेता येत नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: हातात आहे, पण आपलं आहे का? टॅली बेरीज चुकू देत नाही, पण हा प्रश्न ते विचारत नाही. तो खुर्चीवरच्या माणसाला विचारावा लागतो, आणि बऱ्याचदा ती खुर्ची ज्युनियरची असते.

तेव्हा पोरी, महिन्यातून एकदा गोदामात जात जा. आणि स्वतः न मोजलेल्या थप्पीवर कुणी सही मागितली, तर आधी पेन खाली ठेव.