उत्तर न मिळणारा प्रकाश

वातानुकूलन यंत्राकडे रोखलेला रिमोट काय बोलतो, ते माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. त्याचा अवरक्त प्रकाश सेकंदाला साधारण 38,000 वेळा लुकलुकतो. या ठरावीक लयीमुळेच ग्राहक घटक त्याला ऊन आणि दिवे यांच्या गर्दीतून वेगळा ओळखतो.

एनईसी या प्रचलित संकेतपद्धतीत आरंभी 9 मिलिसेकंदांचा प्रकाश, मग 4.5 मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर 32 बिट येतात. प्रत्येक बिटातील प्रकाशाचा ठोका सारखाच असतो. त्यामागचा अंधार आखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. अर्थ उजेडात नसून अंधाराच्या लांबीत दडलेला असतो!

तीन पायांचा ग्राहक घटक, एक अवरक्त एलईडी, एक ट्रान्झिस्टर आणि आर्डुइनोसारखा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एवढ्या सामग्रीवर शाळकरी विद्यार्थीही हे संकेत वाचू शकतो आणि पुन्हा पाठवू शकतो. देशभरातील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमध्ये असे बोर्ड मुलांच्या हाती आले आहेत. मात्र नक्कल जमली म्हणजे काम संपले, असे नाही.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी एकच मोठे बटण बनवायचे ठरले, तर खरी अडचण समोर येते. साध्या रिमोटचा संवाद एकतर्फी असतो. संकेत पोहोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. दूरचित्रवाणीच्या अनेक रिमोटांत चालू आणि बंद यांसाठी एकच संकेत असतो. तो वाटेत हरवला, तर बोर्डाच्या लेखी संच चालू आणि प्रत्यक्षात बंद! वातानुकूलन यंत्रांचे रिमोट बहुधा प्रत्येक वेळी तापमान, पंख्याची गती, कार्यपद्धती अशी संपूर्ण स्थिती पाठवतात. त्यामुळे तोच संदेश दोनदा गेला तरी बिघडत नाही.

तरीही मे महिन्याच्या उकाड्यात, उठून पाहू न शकणाऱ्या माणसाला ‘संदेश पाठवला’ एवढे आश्वासन पुरत नाही. बोर्डाला तापमानाचा एक संवेदक जोडावा, काही मिनिटांत खोली थंड होऊ लागली नाही तर संदेश पुन्हा पाठवावा, आणि तरीही फरक पडला नाही तर घंटा वाजवून घरच्यांना बोलवावे. आज्ञा देणारे यंत्र बनवणे सोपे आहे. आज्ञेचे पुढे काय झाले याची चौकशी करणारे यंत्र बनवणे, ही अभियांत्रिकीची खरी सुरुवात होय.