कुंभार्ली घाट आणि हुकणारा गिअर

चिपळूणहून कऱ्हाडला निघालात, की कोयनेच्या वीजघराची पोफळी मागे पडते आणि कुंभार्ली घाट लागतो. पावसाळ्यात हा घाट पाहावाच! दरीतून वर येणारे धुके काय, कड्यांवरचे धबधबे काय! पण मैत्रिणींनो, गाडी तुम्हीच चालवणार असाल, तर डोळे वळणावर आणि कान इंजिनाकडे हवेत.

गिअर हुकतो तो नेमका इथेच. का बरे? चढावर वेग झरकन उतरतो, मागचा ट्रक हॉर्न देतो आणि घाईत क्लच अर्धाच दाबला जातो. नाहीतर गिअर बसण्याआधीच पाय उचलला जातो. तिसऱ्यातून दुसऱ्यात जायचा दांडा मध्येच न्यूट्रलला राहतो. इंजिन नुसते ओरडते, गाडी मागे येऊ लागते. कधी दोष क्लचखाली गोळा झालेल्या मॅटचा असतो, कधी सैल चपलेचा! नेहमीच खरखर होत असेल, तर मात्र गॅरेज गाठावे.

अशा वेळी दांड्याशी झटापट करू नये. ब्रेक दाबावा, हँडब्रेक ओढावा, क्लच पुरता दाबून पहिला गिअर टाकावा. हॉर्नवाला थांबेल हो! वेग पार पडण्याआधी, वळणाच्या अलीकडेच गिअर उतरवला, तर ही वेळच येत नाही.

परतीच्या उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मुळीच नको. सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. दुसऱ्या गिअरने चढलात ना? मग दुसऱ्यानेच उतरा. माथा ओलांडल्यावर हेळवाकला चहा घ्यायला विसरू नका!