अंगणातला कुर्डू

पंधरा दिवस पाऊस नाही. कुंडीतल्या गुलाबाने मान टाकली, पण भिंतीकडेच्या मुरमाड पट्ट्यातला कुर्डू ताठ उभा. त्याला मी घोटभर पाणीही घातलेलं नाही.

बी मागच्या दिवाळीनंतर माळावरून आणलं होतं. वाळलेलं कणीस तळहातावर चोळलं की काळं, चकचकीत बी सांडतं. खसखशीहून जरासंच मोठं. मृगात ते नुसतं भुरभुरलं. खत नाही, आळं नाही. एकदा हौसेने शेणखत घातलेल्या कोपऱ्यात मात्र कुर्डू नुसताच पानांनी माजला आणि वाऱ्याने आडवा झाला.

आईला हे पाहून हसू आवरेना. "आम्ही बाजरीतनं उपटून उपटून दमलो, आणि तू पेरतोस?" हसता हसता तिने कोवळे शेंडे खुडले आणि लसणाची फोडणी देऊन भाजी केली. फुलावर आल्यावर पानं निबर होतात, तेव्हा खुडायचं ते आधीच.

आता तुरे आलेत. खालून उमलत जातात, म्हणून टोक गुलाबी आणि बुडखा चंदेरी. बागेतला मखमली कोंबडा याचाच भाऊबंद, पण मला हा सडपातळच आवडतो. सकाळी फुलपाखरं येतात. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसतो, आणि चहा हमखास गार होतो.

कार्तिकात सगळं वाळेल. चार तुरे तसेच ठेवायचे, बी पडायला. शेजाऱ्यांच्या बाजूलाही पडेल थोडं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.