रवाळ

तूप थिजून त्याला कणी सुटली की आपण कौतुकानं म्हणतो, ‘काय रवाळ झालंय!’ मधाला तसाच रवा धरला की मात्र पहिला संशय साखरेचा येतो. सेलू-जिंतूरकडच्या शिवारांत मधपेट्या फिरवताना हा संशय मी दर हिवाळ्यात ऐकतो.

एका वर्षी पावसाळी सूर्यफुलावर पेट्या ठेवल्या होत्या. दिवाळीला बाटल्या गेल्या. डिसेंबरात परभणीचा पारा दहाच्या खाली उतरला आणि एक मावशी बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. “बापू, खरं सांग, साखर टाकली का ह्यात?” बाटली उलटी केली तरी मध हलत नव्हता. सूर्यफुलाचा मध असाच, लवकर बसणारा. त्यात द्राक्षशर्करा जास्त असते, ती थंडीत विरघळून राहत नाही, कण होऊन बाहेर पडते. चौदा अंशांच्या आसपास तर रवा झपाट्यानं धरतो.

हे तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. मावशींची समजूत घालायची म्हणून मी बाटलीतला मध चमच्यानं खरवडून पातेल्यात काढला आणि चुलीवर धरला. मध लगेच पातळ झाला, मावशी खूश होऊन गेल्या. संध्याकाळी पातेल्याला चिकटलेला मध चाखला. गोड होता. फुलाचा वास गेला होता. साखर न घालता मी त्याचा पाक केला होता.

माशीची मेहनत आठवली की हे जास्तच लागतं. फुलातल्या मकरंदात निम्म्याहून जास्त पाणी असतं. कामकरी माश्या तो एकमेकींच्या तोंडी देतात, पाचक रस मिसळतात, रात्रभर पंखांनी वारा घालतात. पाणी अठरा टक्क्यांच्या आसपास आलं की पोळ्यातल्या घरावर मेणाचं झाकण बसतं. आपण फक्त झाकलेली पोळी काढायची. झाकणाआधीचा मध घाईनं काढला तर तो आंबतो. एक माशी जन्मभर राबते आणि तिच्या वाट्याचा मध चहाच्या चमच्याचा बारावा भाग भरतो.

मध टिकतो तो पाणी कमी आणि आंबटपणा पुरेसा म्हणून. शिवाय माशीच्या लाळेतलं एक विकर मधात थोडं पाणी मिसळलं की जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. हे विकर उष्णतेनं मरतं. मध तापवू नये, हे आयुर्वेद पूर्वीपासून सांगत आला, ते पातेल्याच्या तळाशी मला पटलं.

गुण सांगताना मी आता हात आखडता घेतो. कोरडा खोकला, खवखवता घसा, यांना चमचाभर मधानं आराम पडतो. पण मधाचा ऐंशी टक्के भाग शेवटी साखरच आहे. मधुमेह असणाऱ्यानं ‘नैसर्गिक आहे’ म्हणून वाटी भरून घेऊ नये. जखमेवर वापरतात तो निर्जंतुक केलेला मध वेगळा, माझ्या बाटलीतला नव्हे.

आणि शुद्धतेच्या घरगुती परीक्षा? पाण्यात तळाशी जाणं, मधात बुडवलेली वात पेटणं, कुत्र्यानं न चाटणं. घट्ट पाकही पाण्यात तळाशीच जातो. 2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं 13 ब्रँडचा मध तपासला, तेव्हा नेहमीच्या चाचण्यांना चकवणारा पाक एनएमआर नावाच्या अधिक बारीक चाचणीत सापडला. जिथे प्रयोगशाळा फसते, तिथे आपली काडीपेटी काय करणार? पेट्या कुठल्या शिवारात होत्या, कुठल्या फुलावर होत्या, हे विकणाऱ्याला विचारा. तुरीचा मध आणि कडुनिंबाचा मध चवीला एकसारखा लागला, तर शंका घ्या.

मावशी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बाटली घेऊन आल्या. या वेळी मी बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात ठेवली, चहा टाकला आणि रव्याची गोष्ट सांगितली. तासाभरानं मध सैल झाला, वासासकट. “म्हणजे तुपासारखंच की,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्या बाटल्यांवर नावाखाली दोन ओळी असतात : थंडीत रवा धरेल, चुलीवर ठेवू नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नये. त्यातले जिवाणू लेकराला बाधू शकतात.