झालं का?

जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या. विषय तसा आहे. लिहावं की नाही यात माझे दोन महिने गेले, आणि शेवटी वाटलं, पस्तीस वर्षं वर्गात व्याकरण शिकवलं, सगळ्या विभक्त्या मोठ्याने म्हणून घेतल्या, मग 'बद्धकोष्ठ' हा एक शब्द म्हणायला जीभ का अडखळावी?

आमच्या घरात मामंजींचं पोट हा सार्वजनिक विषय होता. सकाळी सहाला तांब्याभर कोमट पाणी पिऊन ते बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालायचे. स्वयंपाकघरातून सासूबाई विचारायच्या, "झालं का?" "नाही अजून" असं उत्तर आलं की सगळं घर जरा दबून वागायचं. पेपर आधी त्यांना, संडासाचा पहिला मान त्यांचा. झालं की चहा, आणि मग आमचा दिवस सुरू. २०१५ साली 'पिकू' सिनेमा आला तेव्हा थिएटरात सगळे हसत होते, मला मात्र पडद्यावर मामंजी दिसत होते. सासूबाईंचं पोट कसं आहे, हे मला त्या असेपर्यंत कधीही कळलं नाही. त्यांनाही माझं कळलं नाही.

माझं दुखणं सुरू झालं ते नोकरीत. बी.ए., बी.एड. करून १९७५ साली मी एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात लागले. अकरा शिक्षक, त्यात आम्ही तिघी. शाळेला पत्र्याची एक मुतारी होती, ती मुलांची. पुरुष शिक्षक मागच्या ओढ्याकडे जात. आम्ही काय करायचं हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारला नाही. थोरल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात युक्ती सांगितली : सकाळी साडेनऊला घर सोडायच्या आधी पाणी बंद, ते संध्याकाळी घरी आल्यावर. पण पोटाला ही युक्ती कोण सांगणार? मधल्या सुट्टीत डबा खाल्ला की नेमकी पोटात हालचाल व्हायची. आता मला त्याचं कारण ठाऊक आहे. जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला 'पुढे सरक' असा निरोप जातो, म्हणून तर कित्येकांना चहानंतर जावंसं वाटतं. तो निरोप मी रोज दाबला. असा दहा वर्षं दाबला. पुढे पुढे तो येईनासाच झाला. आणि मला वाटलं, सुटले!

चरकसंहितेत सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायाचं नावच 'नवेगान्धारणीय' असं आहे. जे वेग धरून ठेवू नयेत असे तेरा वेग त्यात मोजले आहेत, शिंक, जांभई, अश्रूसुद्धा. हे मला तेव्हाही माहीत होतं. संस्कृतच्या बाईंनी कॉलेजात सांगितलं होतं. माहीत असून काय उपयोग म्हणा, ग्रंथात अध्याय होता आणि शाळेत संडास नव्हता.

एक गोष्ट इथे लिहून टाकते. सातवी-आठवीत मुली शाळा सोडायच्या. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. मी वर्गशिक्षिका. 'घरगुती कारण' असं माझ्याच वळणदार अक्षरात मी किती वेळा लिहिलं असेल, मोजलं नाही. एका मुलीच्या आईने मला खरं कारण सांगितलं होतं. "बाई, आता ती मोठी झाली. दिवसभर कुठं जायचं तिनं?" मी मान हलवली आणि रकान्यात 'घरगुती कारण' लिहिलं. मुलगी हुशार होती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं असावीत असं आलं, तेव्हा मला आधी तिची आठवण आली.

असो.

१९८१च्या सुमारास मी सोनामुखीचं चूर्ण घ्यायला लागले. रात्री अर्धा चमचा. डबा डाळींच्या मागे, म्हणजे कुणाला दिसू नये. अर्ध्याचा एक झाला, एकाचे दोन, शेवटी शेवटी अडीच चमचे. मध्ये इसबगोल करून पाहिला. पण त्याला वर ग्लासभर पाणी लागतं, पाणी धरून फुगणं हेच त्याचं काम, आणि मी तर पाणी न पिणारी बाई! पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. पुन्हा चूर्णाकडे.

हे असंच चालू राहिलं असतं. पण माझ्याबरोबर एकवीस वर्षं एकाच शिक्षकखोलीत बसलेली माझी मैत्रीण २०२१ साली गेली. तिला दोन वर्षं रक्त पडत होतं. मूळव्याध असेल म्हणून औषधाच्या दुकानातून मलम आणायची, तेही मुलाला न सांगता. तपासणी झाली तेव्हा आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. शेवटच्या भेटीत मला म्हणाली, "अगं, सांगायचं कसं, तोच विचार करत राहिले." मी तिचा हात धरून बसले होते, आणि माझ्या मनात माझा डाळींमागचा डबा होता. तरीही मी कुणाला काही बोलले नाही. माणूस किती हट्टी असतं बघा.

दीड वर्षाने माझं वजन चार किलोंनी उतरलं. आमच्या डॉक्टरांनी पोटाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तरुण मुलगा होता. आधी काही महिने त्याने वेगवेगळी औषधं देऊन पाहिली. दर वेळी विचारी, "काकू, घरचं काही घेता का?" आणि मी दर वेळी सांगे, "छे, कधीतरी." शेवटी तो म्हणाला, वय सत्तरच्या वर, वजन कमी, कोलोनोस्कोपी करू. आदल्या रात्री दोन लिटर औषधी पाणी प्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझं पोट इतकं रिकामं झालं असेल!

तपासणी झाल्यावर त्याने मला आणि ह्यांना पडद्यावरचे फोटो दाखवले. कर्करोग नव्हता. एक छोटीशी गाठ होती, ती तिथेच काढली होती. पण आतड्याचा आतला रंग गुलाबी असायचा तो तपकिरी-काळा, चित्त्यासारखा ठिपकेदार. डॉक्टर हसून म्हणाला, "काकू, सोनामुखी किती वर्षं?"

याला मेलानोसिस कोलाय म्हणतात. सोनामुखीसारखी रेचकं दीर्घकाळ घेतली की आतड्याच्या अस्तरात रंग साठतो. त्याने अपाय होत नाही, आणि औषध थांबवलं की काही महिन्यांत तो उतरतोही. पण चोरी पकडायला उत्तम. चाळीस वर्षं जे मी कुणाला सांगितलं नाही, ते आतड्याने रंगीत फोटोत छापून दिलं. हे माझ्याकडे बघत राहिले. सव्वा चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि त्यांना माहीत नव्हतं. "इतकी वर्षं?" एवढंच म्हणाले. डॉक्टर रागावला नाही, पण म्हणाला, "चूर्णाने फार बिघडलेलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मी भलत्याच हिशेबाने औषधं देत बसलो." वजनाचं कारणही निघालं. पोट फुगतं म्हणून मी रात्रीचं जेवण सोडलं होतं, तेही सांगितलं नव्हतं.

मग नीट इलाज सुरू झाला. आधी त्याने माझ्या इतर गोळ्या पाहिल्या, कारण लोहाच्या आणि काही कॅल्शियमच्या गोळ्यांनीही कोठा जड होतो. मग रात्री पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड पाण्यातून. ही आतड्यात शोषली जात नाही, नुसतं पाणी धरून ठेवते. तपासणीच्या आदल्या रात्री लिटरने प्यायले तेच हे, आता ग्लासभर. कमोडसमोर पायाखाली पाट ठेवायला सांगितला, म्हणजे बसण्याचा कोन जुन्या उकिडव्या बैठकीसारखा होतो. एवढ्याने अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याने प्रुकॅलोप्राइड नावाची गोळी लिहून दिली.

या गोळीची हकिकत मी भाच्याकडून समजून घेतली, तो औषधनिर्माणशास्त्र शिकलेला आहे. आपल्या शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन डोक्यात नसून आतड्यात असतं, हे ऐकून मला गंमत वाटली. आतड्याची लाट पुढे सरकवण्यात त्याचा हात असतो, आणि ही गोळी त्याच्याच एका खुंटीला जाऊन लागते. त्या खुंटीवर काम करणारी आधीची औषधं बदनाम झाली होती. सिसाप्राइडने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडत, म्हणून २००० साली अमेरिकेत ते बाजारातून गेलं. टेगासेरोडची विक्री तिथे २००७ मध्ये थांबवली. आपल्याकडे दोन्हींवर बंदी आली ती २०११ मध्ये! मधल्या वर्षांत आपल्याकडे ती कुणी कुणी घेतली असतील, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. प्रुकॅलोप्राइड जास्त नेमकं आहे. युरोपात २००९ला आणि अमेरिकेत २०१८ला मंजूर झालं. नेहमीचा डोस दोन मिलिग्रॅम, आमच्यासारख्या पासष्टीपुढच्यांना एकापासून सुरुवात. पहिले दोन दिवस माझं डोकं असं दुखलं की गोळी फेकून द्यावीशी वाटली. डॉक्टरने आधी सांगितलं होतं म्हणून थांबले. तिसऱ्या दिवशी डोकं उतरलं. पाचव्या दिवशी सकाळी चहानंतर पोटातून तो निरोप आला. मी कप हातात धरून तशीच बसले. चाळीस वर्षांनी आलेली हाक ओळखायलाच दोन मिनिटं गेली.

रोज येतो असं नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस. मला तेवढे पुष्कळ आहेत.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीचं दुखणं वेगळं, तिला आयबीएस आहे. पोट साफ होत नाही आणि शिवाय दुखतं, मुरडा येतो, तपासण्या सगळ्या स्वच्छ. अशा माणसाला 'मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावणं सोपं असतं, मीही तिला एकदा "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून मोकळी झाले होते. आता लाज वाटते. ती लिनॅक्लोटाइड घेते, सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी. हे तिथे २०१२ पासून आहे. ते रक्तात जवळजवळ उतरत नाही, आतड्याच्या भिंतीतून पाणी सोडवतं आणि दुखण्याच्या नसाही शांत करतं. त्याच्या रेणूची घडण जुलाब लावणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या विषासारखी आहे, हे तिनेच मला सांगितलं. जंतूची विद्या शिकून औषध केलं! मुलांना शिकवायला काय छान उदाहरण होतं हे, पण मी मराठीची बाई, आणि आता वर्गही नाही.

चूर्णाचा डबा मी टाकला नाही, त्यात आता मेथ्या ठेवते.

आणि ह्यांनी सगळं मनावरच घेतलंय. रोज सकाळी गोळी चहाच्या बशीत काढून ठेवतात, पाट जागेवर आहे का बघतात. परवा पेपरवाला महिन्याचे पैसे न्यायला दारात उभा होता. त्याच्यासमोर ह्यांनी बाहेरूनच मोठ्याने विचारलं, "झालं का गं?"

मी आतून तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, "झालं!"